छातीला मोबाइल लावला तर?

जुन्या जालन्यात गांधी चमनपासून थोड्या अंतरावर माझी आत्या राहते. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवा जालना, अशी या गावाची विभागणी आहे. आत्याने पंच्याहत्तरी ओलांडली आहे. रक्तदाब आणि मधुमेह तिला पंधरा वर्षांपासून आहेत. दर महिन्याला रिक्षाने दवाखान्यात जायचे, दोन तास रांगेत बसायचे आणि डॉक्टरांनी ‘त्याच गोळ्या चालू ठेवा’ असे सांगितले की परत यायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. २०२० साली करोनाची साथ आली, दवाखान्यात जाणे धोक्याचे झाले आणि डॉक्टरांनी तिला फोनवर सल्ला द्यायला सुरुवात केली. साथ ओसरली, पण फोन मात्र चालूच राहिला. आता दोन महिने फोनवर आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष, असे त्या दोघांचे ठरलेले आहे.

मागच्या दिवाळीत मी तिच्याकडे होते. ठरलेल्या दिवशी फोन आला. शेजारचा नववीतला मुलगा मदतीला आला होता. घरातल्या यंत्रावर आठवडाभर घेतलेले रक्तदाबाचे आकडे त्याने वहीतून वाचून दाखवले. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, आत्याला पाय कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले, घोट्याजवळ सूज नाही ना ते पाहिले आणि फोन संपला. मुलगा मला म्हणाला, “मावशी, डॉक्टर सगळं फोनवरच बघतात. मग आजींनी दवाखान्यात जायचंच कशाला? छातीला मोबाइल लावला तर ठोकेसुद्धा ऐकू जातील ना?”

प्रश्न चांगला होता. आम्ही लगेच करून पाहिले. त्याच्या छातीवर एक मोबाइल टेकवला, त्यावरून दुसरा मोबाइल लावला आणि मी अंगणात जाऊन ऐकू लागले. शर्टाची खसखस ऐकू आली, स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाजही ऐकू आला. हृदयाचे ठोके मात्र ऐकू आले नाहीत. नंतर मी त्याच्या छातीला सरळ कान लावला. ठोके स्पष्ट ऐकू येत होते.

कानाला येणारा आवाज फोनमध्ये कुठे हरवला? या एका प्रश्नाच्या मागे गेलो, की दुरून उपचार काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, याचा बराचसा उलगडा होतो.

आवाज कुठे हरवला?

आवाज म्हणजे हवेची कंपने. सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने आपल्या कानाला ऐकू येतात. हृदयाच्या झडपा मिटताना जो ‘लब-डब’ असा आवाज होतो, त्याचा बहुतेक भाग सेकंदाला २० ते १५० कंपनांचा असतो. म्हणजे तो अगदी खर्जातला आवाज आहे.

टेलिफोन हे यंत्र मुळात बोलणे पोहोचवण्यासाठी घडवले गेले. माणसाचे बोलणे समजायला सगळी कंपने लागत नाहीत. ३०० ते ३,४०० एवढ्या पट्ट्यातली कंपने पोहोचली तरी शब्द नीट कळतात. तारांमधून जास्तीत जास्त संभाषणे नेता यावीत म्हणून अभियंत्यांनी एवढाच पट्टा ठेवला आणि बाकीचा कापून टाकला. ‘लब-डब’ नेमके त्या कापलेल्या भागात येतात. आजच्या मोबाइलवर बोलण्याचा पट्टा पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे. पण मोबाइलमधली आज्ञावली आणखी एक काम करते. जो आवाज बोलण्यासारखा वाटत नाही, त्याला ती ‘गोंगाट’ समजते आणि दाबून टाकते. पंख्याच्या घरघरीबरोबर हृदयाचे ठोकेही त्यात जातात.

म्हणजे फोन बिघडलेला नव्हता. ज्या कामासाठी तो बनवला, ते काम तो चोख करत होता. ठोके दूर पाठवायचे असतील तर त्यासाठी वेगळे साधन हवे. असे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आता मिळतात. त्यांच्या छातीवर ठेवायच्या भागात खर्जातला आवाज टिपणारा मायक्रोफोन असतो. टिपलेला आवाज आकड्यांच्या रूपात साठवला जातो आणि बोलण्याच्या वाटेने न पाठवता चित्र किंवा पत्र पाठवावे तसा पाठवला जातो.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. लागतात ते दोन मोबाइल आणि थोडी शांतता. छातीवर मोबाइल ठेवून आधी फोन लावून ऐकावे आणि मग त्याच मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून इअरफोनने ऐकावा. दोन्हींत फरक पडतो का, पडला तर का, यावर विद्यार्थ्यांना बोलू द्यावे.

लाइडनची तार

रुग्ण एकीकडे आणि वैद्य दुसरीकडे, अशा उपचारपद्धतीला टेलिमेडिसिन म्हणतात. ‘टेलि’ म्हणजे दूर. मराठीत आपण तिला दूरवैद्यक म्हणू. ही कल्पना मोबाइलबरोबर आली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

हॉलंडमधल्या लाइडन या गावी विलेम आइंटहोवेन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. तो मोजणारे नाजूक उपकरण त्यांनी तयार केले आणि त्यातून आजचा ईसीजी जन्माला आला. उपकरण नाजूक असले तरी आकाराने मोठे होते. खोली भरून टाकणारे ते यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य होते आणि हृदयविकाराच्या रुग्णांना प्रयोगशाळेपर्यंत आणणे धोक्याचे होते. रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांच्यात अंतर होते सुमारे दीड किलोमीटर.

१९०५ साली आइंटहोवेन यांनी या दोन ठिकाणांच्या मध्ये तार जोडली. रुग्णालयात रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवले जात आणि त्या भांड्यांना जोडलेल्या तारेतून हृदयाचा विद्युतसंदेश प्रयोगशाळेत पोहोचे. तिथे यंत्रावर आलेख उमटे. अशा आलेखाला त्यांनी ‘टेलिकार्डिओग्राम’ असे नाव दिले. ईसीजीच्या कामासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रयोगातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तारेच्या एका टोकाला आइंटहोवेन होते, पण दुसऱ्या टोकालाही कोणीतरी होते. रुग्णाला नीट बसवणे, हात-पाय पाण्यात ठेवायला लावणे, ‘हलू नका’ असे सांगणे, ही कामे त्या माणसाने केली नसती तर प्रयोगशाळेत नुसत्या वेड्यावाकड्या रेषा आल्या असत्या. या माणसाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

किती आकडे, किती वेळ?

आता तारेतून विद्युतप्रवाह जसाच्या तसा पाठवत नाहीत, आकडे पाठवतात. आलेखाची उंची ठरावीक वेळाने मोजायची आणि ते आकडे पाठवायचे. पलीकडे आकड्यांवरून आलेख पुन्हा काढता येतो. किती वेळा मोजायचे याचा एक नियम आहे. संदेशात सेकंदाला जास्तीत जास्त जितकी कंपने असतील, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते. म्हणून ३,४०० कंपनांपर्यंतचे बोलणे टेलिफोन यंत्रणेत सेकंदाला ८,००० वेळा मोजतात. प्रत्येक आकडा ८ बिटांत लिहितात. ८,००० गुणिले ८, म्हणजे ६४,००० बिट. एका साध्या फोनसंभाषणाला सेकंदाला एवढी वाट लागते. हेच आपले माप धरून पुढचे गणित करू.

ईसीजीचे बारा आलेख असतात. त्यांपैकी आठ मोजले की उरलेले चार गणिताने काढता येतात. सेकंदाला ५०० वेळा, १० सेकंदांपर्यंत मोजले, तर एका आलेखाचे ५,००० आणि आठ आलेखांचे ४०,००० आकडे होतात. प्रत्येक आकड्याला १६ बिट धरले तर एकूण ६,४०,००० बिट. आपल्या फोनच्या वाटेने हा ईसीजी १० सेकंदांत पोहोचेल.

आता छातीचा एक्स-रे पाहू. तो २,००० गुणिले २,५०० ठिपक्यांचा आहे असे समजू. म्हणजे ५० लाख ठिपके आणि प्रत्येकाला १६ बिट. एकूण ८ कोटी बिट झाले. त्याच वाटेने जायला १,२५० सेकंद, म्हणजे जवळजवळ २१ मिनिटे लागतील. सेकंदाला ५० लाख बिट वाहून नेणारा मोबाइलचा जोड मिळाला तर हेच काम १६ सेकंदांत होईल.

या गणितातून एक गोष्ट दिसते. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान ज्या ईसीजीवर अवलंबून असते, तो पाठवायला फार थोडी वाट पुरते. कॅमेऱ्यातून डॉक्टरांचा चेहरा दिसणे छान वाटते, पण तो दिसावा म्हणून सेकंदाला काही लाख बिट खर्च होतात. जोड कमकुवत असेल तर चेहरा बंद करून ईसीजी पाठवावा, हे शहाणपणाचे.

उपग्रहापासून मोबाइलपर्यंत

आपल्या देशात २००० साली आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा या खेड्यात दूरवैद्यकाचे केंद्र सुरू झाले. २००१ पासून इस्रोने उपग्रहाच्या मदतीने दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांना जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रातही मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आणि काही जिल्हा रुग्णालये यांना जोडणारा प्रकल्प झाला. मराठवाड्यातली बीड आणि लातूर ही ठिकाणे त्यात होती.

संदेशवहनाचे हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. संदेश वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटर कापतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर धरला तर त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो. डॉक्टरांचा प्रश्न येणे आणि रुग्णाचे उत्तर जाणे मिळून अर्धा सेकंद होतो. संभाषण त्यामुळे अडखळते, पण चालते.

खरी अडचण वेगळी होती. केंद्र जिल्हा रुग्णालयातल्या एका खोलीत असे. रुग्णाला तिथपर्यंत यावे लागे, ठरलेल्या वेळी दुसऱ्या टोकाला विशेषज्ञ मोकळे असावे लागत आणि यंत्र चालवणारा माणूस हजर असावा लागे. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच काम होई. मंठ्याजवळच्या एखाद्या खेड्यातल्या बाईला ताप किंवा अंगावर चट्टे आले, तर तिच्या रोजच्या आयुष्यात या खोलीचा उपयोग फारसा नव्हता.

पुढे मोबाइल घरोघर आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘ई-संजीवनी’ ही सेवा सुरू केली. तिचे दोन भाग आहेत. एका भागात रुग्ण गावातल्या आरोग्य उपकेंद्रात जातो आणि तिथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याला दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. १३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, दुसरा भाग सुरू झाला. त्यात रुग्ण घरूनच सरळ डॉक्टरांशी बोलतो.

साथ संपली की हे सारे थंडावेल, असे अनेकांना वाटत होते. सप्टेंबर २०२१ पर्यंत या सेवेवर सुमारे १ कोटी २० लाख सल्ले झाले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा आकडा १० कोटींच्या पुढे गेला. म्हणजे टाळेबंदीत झाले त्याच्या कितीतरी पट सल्ले नंतर झाले. आकडा मोठा म्हणून प्रत्येक सल्ला चांगला होता असे होत नाही, पण लोकांनी ही वाट सोडली नाही एवढे नक्की. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. यांतले बहुतांश सल्ले घरून झालेले नाहीत, उपकेंद्रातून झालेले आहेत. मोबाइल हातात असताना लोक उपकेंद्रात का जातात?

रुग्णाजवळ कोण बसले आहे?

याचे उत्तर शोधायला वर्गात एक खेळ घेता येईल. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात हाताच्या त्वचेवरच्या चट्ट्याचे चित्र द्या. तो ‘रुग्णाजवळचा माणूस’. दुसऱ्याच्या हातात कोरा कागद द्या. तो ‘डॉक्टर’. पहिल्याने वर्णन करायचे आणि दुसऱ्याने ऐकून चित्र काढायचे. पहिल्या फेरीत वर्णन साधारण असे येते: “लाल आहे, गोल आहे, मोठा आहे.” चित्र भलतेच निघते. दुसऱ्या फेरीआधी वर्णन करणाऱ्याला पाच गोष्टी शिकवा. चट्टा कुठे आहे ते सांगायचे, मोजपट्टीने माप घ्यायचे, कडा स्पष्ट आहेत की पुसट ते पाहायचे, एक आहे की अनेक ते मोजायचे, मधला आणि कडेचा रंग वेगवेगळा सांगायचा. या वेळी चित्र बरेच जुळते. ‘डॉक्टर’ तोच होता आणि मधले अंतरही तेवढेच होते. फक्त पलीकडचा माणूस शिकलेला होता.

उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी हा तो शिकलेला माणूस. सपाटीच्या भागात साधारण ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र असते. तिथे रक्तदाब मोजला जातो, बोटातल्या थेंबभर रक्तावर साखर तपासली जाते, हिमोग्लोबिन पाहिले जाते. चट्टा असेल तर तो तिथे बधिर आहे का, हे कापसाने किंवा पेनच्या टोकाने स्पर्श करून बघता येते. बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते आणि कोणताही कॅमेरा ते दाखवू शकत नाही. दूरच्या डॉक्टरांना ‘तब्येत बरी नाही’ या वाक्याऐवजी आकडे आणि नेमकी निरीक्षणे मिळतात.

साथीच्या काळात हेच दिसले. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक घरोघर गेले, ताप पाहिला, बोटाला ऑक्सिमीटर लावला. बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश पाठवून हे छोटे यंत्र रक्तातला प्राणवायू सांगते. प्राणवायू धरलेले रक्त लाल प्रकाश कमी शोषते, न धरलेले जास्त शोषते. माणूस हसत बोलत असतो आणि आकडा घसरलेला असतो, असे कितीतरी वेळा झाले. नुसत्या फोनवर हसणेच ऐकू आले असते.

जे वाटेतून जात नाही

दोन्ही टोकांना चांगली माणसे असली तरी काही गोष्टी या वाटेने जात नाहीत. पोट दाबून हात झटकन उचलला की दुखते का, हे पाहून डॉक्टर आंत्रपुच्छाच्या सुजेचा अंदाज घेतात. त्याला डॉक्टरांचा हात लागतो. जखमेचा वास, बाळाच्या अंगाचा सैलपणा, मानेतल्या गाठीचा कठीणपणा यांचे आकडे होत नाहीत.

रंगही फसवतात. पांढऱ्या कागदावर हळदीचा फिकट ठिपका द्या. त्याचा एक फोटो उन्हात काढा आणि एक रात्री पिवळ्या दिव्याखाली काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. कॅमेरा प्रकाशाचा रंग ओळखून चित्र ‘सुधारायला’ जातो, पण त्याचा अंदाज नेहमीच बरोबर नसतो. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर होतो. पिवळ्या दिव्याखाली निरोगी डोळा पिवळा दिसू शकतो आणि कॅमेऱ्याने जास्त सुधारणा केली तर आजारी डोळा पांढरा दिसू शकतो. म्हणून असा फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी कोरा पांढरा कागद धरून काढावा. डॉक्टरांना त्यामुळे तुलनेला आधार मिळतो.

या मर्यादा विसरल्या तर काय होते, याचा धडा आपल्या राज्याला मिळालेला आहे. रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात बाळंतीण झालेल्या एका स्त्रीवर डॉक्टरांच्या गैरहजेरीत फोनवरून उपचार झाले आणि तिचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर सल्ला द्यावा की नाही, याबद्दल अनेक डॉक्टरांच्या मनात धास्ती होती. नियम स्पष्ट नव्हते.

ते नियम २५ मार्च २०२० रोजी आले. त्यांचा गाभा साधा आहे. फोन पुरेसा आहे की रुग्णाला प्रत्यक्ष पाहायला हवे, हे डॉक्टरांनी ठरवायचे. साधी औषधे कोणत्याही मार्गाने सांगता येतात. काही औषधे पहिल्याच सल्ल्यात द्यायची असतील तर रुग्ण कॅमेऱ्यावर दिसला पाहिजे. चालू असलेली रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे पुढे चालू ठेवता येतात. सवय लावणारी, गुंगी आणणारी नियंत्रित औषधे फोनवरून लिहून देता येत नाहीत. तातडीचा प्रसंग असेल तर प्रथमोपचार सांगून रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात पाठवायचे.

आत्याचा दुसरा फोन

या शेवटच्या नियमाचे मोल आमच्या घरात कळले. दिवाळी होऊन दोन महिने झाले होते. एका पहाटे आत्याच्या छातीत जळजळ सुरू झाली, दरदरून घाम आला, डावा जबडा दुखू लागला. तिला वाटले, रात्रीच्या जेवणाने पित्त झाले. “संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आहेच, तेव्हा सांगेन,” असे म्हणून ती पडून राहिली. शेजारच्या त्याच मुलाने न थांबता डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. घाम आलाय का? किती वेळापासून दुखतंय? आणि म्हणाले, “आता फोन ठेव. १०८ ला सांग. तोवर त्यांना चालू देऊ नका.”

रुग्णालयात लगेच ईसीजी निघाला. तो दूरच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवला गेला आणि हृदयविकाराचा झटका असल्याचे पक्के झाले. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध तिथेच सुरू झाले आणि मग तिला छत्रपती संभाजीनगरला हलवले. जालन्याहून ते अंतर साधारण साठ किलोमीटर. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासे झाले की तो मिनिटामिनिटाला मरत जातो. निदान आधी संभाजीनगरला होऊन मग औषध सुरू झाले असते, तर तेवढ्या वेळात बरेच काही गेले असते. आत्या आज घरी आहे, हळूहळू फिरते, स्वयंपाकघरात लुडबुड करते.

त्या पहाटे दूरवैद्यकाने दोन कामे केली. ईसीजीने अंतर कापले. आणि त्याआधी डॉक्टरांनी फोनवर उपचार करायला नकार दिला. हा नकारही उपचारच होता.

मग कायमचे काय राहील?

मराठवाड्यातल्या घरांत ‘घाटीला नेले’ हे शब्द ऐकले की काळजात धस्स होते. संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय याच नावाने ओळखले जाते आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतले गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे तिथे जात आले आहेत. आता जालन्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचे एकत्र उद्घाटन झाले, त्यात ते होते. उद्घाटनही दूरवरूनच, पडद्यावरून झाले. महाविद्यालय जवळ आले तरी परतूर, मंठा, घनसावंगी या तालुक्यांतल्या खेड्यांना एक दिवसाची मजुरी, सोबतच्या माणसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मोजावे लागतेच.

ही किंमत कोणासाठी वाचवता येईल आणि कोणासाठी ती मोजलीच पाहिजे, हे वेळेवर ठरवणे हे दूरवैद्यकाचे रोजचे काम आहे आणि ते राहील. दीर्घकाळच्या आजारांची देखरेख, शस्त्रक्रियेनंतर जखमेवर नजर, ईसीजी आणि एक्स-रे दूरच्या तज्ज्ञांना दाखवणे, उपकेंद्रातून मिळणारा पहिला सल्ला, या कामांना ते शोभते. मानसिक आजारांत तर बोलणे हीच मोठी तपासणी असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. परीक्षेच्या दिवसांत हा क्रमांक शाळेच्या फलकावर असायला हरकत नाही.

शाळेला यात आणखी एक काम आहे. आत्याच्या गोष्टीत डॉक्टर होते, यंत्र होते, जोड होता. पण वहीत आकडे लिहून ठेवणारा, घाम आलाय हे पाहणारा आणि ‘संध्याकाळपर्यंत थांबू’ हे न ऐकणारा नववीतला मुलगाही होता. नाडी मोजणे, थर्मामीटर वाचणे, रक्तदाबाचे दोन आकडे क्रमाने सांगणे, सूज आली ती केव्हापासून हे नेमके सांगणे, या गोष्टी विज्ञानाच्या तासाला सहज शिकवता येतात. लाइडनच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाची जागा उद्या प्रत्येक घरात कोणीतरी घेणार आहे. बहुतेक घरांत ते आपले विद्यार्थीच असतील.

त्या मुलाला मी विचारले, “छातीला मोबाइल लावून बघितला होतास, आठवतं?” तो म्हणाला, “हो. म्हणून तर त्या दिवशी तसलं काही करत बसलो नाही.”